आधी खिडकी, मग रिमोट

प्रोजेक्टरच्या चित्राची परीक्षा घ्यायला घोडेगावचा शुक्रवारचा बाजार फार उपयोगी आहे. नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, नेवासे तालुक्यातलं हे गाव म्हशींच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे. तिथं दुपारच्या उन्हात मोबाइलवर एक फोटो काढा. काळ्याभोर म्हशी, शेजारी पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घातलेले शेतकरी, एखाद्या म्हशीच्या गळ्यात पिवळा किंवा लाल गोंडा, खाली मातकट जमीन आणि उन्हानं रापलेले चेहरे, एवढं एका चौकटीत आलं की झालं. तंत्रज्ञ पट्ट्या-चौकोनांचे जे तक्ते वापरून प्रोजेक्टर तपासतात, त्यांचं बरंचसं काम हा फोटो करतो. शिवाय म्हैस कशी दिसते आणि टोपी कशी दिसते हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही.

असा फोटो हाताशी का हवा? कारण प्रोजेक्टर आता गावोगाव पोचलाय, पण तो लावून देणारा माणूस रोज हाताशी नसतो. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणीतून वर्ग डिजिटल केले. ग्रामसभा, हरिनाम सप्ताह, लग्न, गणपतीतली क्रिकेटची मॅच, सगळीकडे पडदा लागतो. आणि चित्र फिकं दिसलं की पहिला हात रिमोटकडे जातो. ब्राइटनेस शंभरावर नेला जातो, तरी चित्र धुतल्यासारखंच राहतं. मग ‘दिवा गेला वाटतं’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा दिवा ठणठणीत असतो. बिघडलेला असतो तो कामाचा क्रम.

काळा रंग येतो कुठून

प्रोजेक्टर उजेड फेकतो, दुसरं काही नाही. पांढरं म्हणजे भरपूर उजेड, लाल म्हणजे लाल उजेड. काळं म्हणजे उजेडाचा अभाव, आणि अभाव काही फेकता येत नाही. त्यामुळे भिंतीवरच्या म्हशीचा काळा रंग हा खरं तर त्या घडीचा भिंतीचा रंग असतो. प्रोजेक्टर बंद असताना भिंत जेवढी उजळ असते, त्याहून कमी उजळ ती म्हैस होऊच शकत नाही.

हे आकड्यांत पाहू. शाळांत सर्रास दिसणारा प्रोजेक्टर ३००० लुमेनचा असतो. लुमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण उजेड. चार-तीन प्रमाणातलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०० इंची चित्र सुमारे दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच भरतं, म्हणजे साधारण ३.१ चौरस मीटर. सगळा उजेड तेवढ्या जागेवर पसरला की दर चौरस मीटरला हजाराच्या आसपास लुमेन मिळतात. यालाच हजार लक्स म्हणतात. आता वर्गात दिवे चालू आहेत आणि भिंतीवर आधीच ३०० लक्स उजेड आहे असं धरा. मग टोपीच्या जागी १३०० लक्स आणि म्हशीच्या जागी ३००, म्हणजे टोपी म्हशीच्या जेमतेम सव्वाचार पट उजळ. अशी म्हैस राखाडी दिसणारच. खिडक्या झाकून भिंतीवरचा उजेड ३० लक्सवर आणला, तर तीच टोपी म्हशीच्या चौतीस पट उजळ होते. प्रोजेक्टर तोच आणि दिवाही तोच. खोक्यावर ‘दहा हजारास एक’ असं कॉन्ट्रास्टचं प्रमाण छापलेलं असतं, ते मिट्ट काळोखातलं. उजेडाच्या वर्गात त्याचा काही उपयोग नाही.

प्रोजेक्टर स्वतःही थोडा उजेड गळू देतो. एलसीडी जातीच्या यंत्रात द्रव स्फटिकांच्या झडपा पूर्ण मिटत नाहीत. डीएलपी जातीच्या यंत्रात लाखो सूक्ष्म आरसे प्रत्येक ठिपक्याचा उजेड भिंतीकडे तरी वळवतात नाहीतर बाजूला टाकतात, पण बाजूला टाकलेल्यातला थोडा विखरून भिंतीवर येतोच. म्हणूनच पूर्ण काळी स्लाइड लावली तरी अंधाऱ्या खोलीत भिंतीवर फिकट चौकोन दिसतो.

ही अडचण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचं पटवर्धन कुटुंब ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ करायचं. अशा कंदिलाच्या काचांवर हातानं चित्रं रंगवलेली असत, आणि नको तिथून उजेड जाऊ नये म्हणून चित्राभोवतीची काच काळ्या रंगानं बुजवण्याची रीत होती. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली आणि पुढं जत्रांमधून तंबूतले सिनेमे फिरू लागले. ते तंबूवाले दिवस मावळायची वाट पाहत. काळोख ही त्यांच्या खेळाची पहिली सामग्री होती.

तेव्हा रिमोट हातात घेण्याआधी खोली बघा. खिडकीच्या समोरची भिंत टाळा, कारण तिच्यावर बाहेरचा उजेड थेट पडतो. खिडकीचीच भिंतही टाळा, कारण मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो. खिडक्यांशी काटकोनात असलेली भिंत बरी. तिच्या जवळच्या खिडकीला जाड, गडद पडदा लावा. ट्यूबलाईटपैकी भिंतीजवळची बंद करा आणि मागच्या बाकांवरची चालू ठेवा, म्हणजे मुलांना वहीत लिहिता येतं. भिंतीला चुन्याचा किंवा साध्या डिस्टेंपरचा पांढरा रंग असेल तर तोच चांगला पडदा. ऑइल पेंट चकाकतो आणि चित्राच्या मध्ये एक भगभगीत डाग पडतो.

जागा आणि आकार

दुसरं काम प्रोजेक्टर नीट बसवण्याचं. शाळेत येणाऱ्या साध्या प्रोजेक्टरचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं प्रमाण बहुधा दीडच्या पुढं असतं. दीडच धरलं तर दोन मीटर रुंद चित्रासाठी यंत्र भिंतीपासून तीन मीटरवर हवं. जवळून फेकणाऱ्या, म्हणजे शॉर्ट थ्रो यंत्रात हे प्रमाण अर्ध्याच्या आसपास असतं, म्हणून ते भिंतीपासून मीटरभरावरच ठेवतात. आधी यंत्र मागंपुढं सरकवून आकार जमवा आणि झूमचं कडं शेवटच्या बारीक फरकासाठी ठेवा.

चित्र मोठं करण्याचा मोह आवरा. १०० इंचांचं १५० इंच केलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि हजार लक्सचे साडेचारशेही उरत नाहीत. वर्ग उजेडाचा असेल तर चित्र लहान करणं हा उजेड वाढवण्याचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

यानंतर आकाराचा प्रश्न येतो. चित्र वर जावं म्हणून प्रोजेक्टरखाली पुस्तकं घालून त्याचं नाक उचललं, की चित्राची वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद होते. मग कीस्टोनचं बटण दाबून ते चौकोनी केलं जातं. दिसायला चौकोन जमतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. १०२४ गुणिले ७६८ च्या यंत्रात ७,८६,४३२ ठिपके असतात आणि त्यांची संख्या वाढत नाही. कीस्टोन रुंद बाजूचे ठिपके काळे करून टाकतो आणि उरलेल्यांत चित्र दाबून बसवतो. त्यामुळे एका अक्षराचा काना जाड, दुसऱ्याचा बारीक असं होतं. शिवाय काळे केलेले ठिपकेही उजेड गळू देतात, त्यामुळे चौकोनाच्या बाजूला राखाडी पाचरी दिसतात.

यावर उपाय साधा आहे. यंत्र समतल ठेवा आणि लेन्स चित्राच्या बरोबर उभ्या मध्यरेषेवर येऊ द्या. बहुतेक प्रोजेक्टरांचं चित्र मुळातच लेन्सच्या पातळीपासून वर पडेल अशी रचना असते, म्हणून बुटकं टेबल पुरतं. छताला टांगायचा असेल तर उलटा टांगतात आणि मेनूत ‘सीलिंग’ हा पर्याय निवडून चित्र सुलट करतात. एवढं करूनही थोडा तिरकेपणा राहिला तरच कीस्टोनला हात लावा.

फोकस अक्षरावर करा

फोटोवर फोकस नीट कळत नाही. त्यासाठी देवनागरी मजकूर लावा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ अशा जोड्या लिहा, काही शब्दांवर अनुस्वार द्या, आणि एखाद्याला शेवटच्या बाकावर बसवून वाचायला सांगा. ‘भ’ आणि ‘म’ वेगळे कळले, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेवर सुटा दिसला, की फोकस जमला. मधलं अक्षर स्पष्ट आणि कोपऱ्यातलं धूसर असेल तर यंत्र भिंतीशी तिरकं आहे, ते सरळ करा. आणि हे सगळं प्रोजेक्टर सुरू करून दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर करा. लेन्स तापली की फोकस किंचित सरकतो.

अक्षरं तरीही गिचमिड दिसत असतील तर लॅपटॉपकडे बघा. लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ चा आणि प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चा असला, तर प्रोजेक्टरला आलेलं चित्र आटवून दाखवावं लागतं आणि त्यात बारीक रेघा पुसतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचा मूळ आकडा निवडा. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर उभ्या थरथरत्या पट्ट्या दिसल्या तर रिमोटवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. त्यानं भागलं नाही तर मेनूतल्या ‘ट्रॅकिंग’ आणि ‘फेज’ किंवा ‘सिंक’ या दोन आकड्यांनी पट्ट्या जातात.

एचडीएमआय केबलवर वेगळाच घोटाळा होतो. टीव्ही आणि व्हिडिओच्या जगात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर धरतात, तर संगणकाच्या जगात ० पासून २५५ पर्यंत. पाठवणारा एक मोजमाप धरून चालला आणि घेणारा दुसरं, की म्हैस एकतर राखाडी दिसते नाहीतर डांबराच्या गोळ्यासारखी सपाट. मेनूत ‘एचडीएमआय रेंज’ किंवा ‘व्हिडिओ रेंज’ असा पर्याय असतो. तो ‘ऑटो’वर ठेवून भागलं नाही तर दोन्ही पर्याय लावून पाहा. हे ब्राइटनेसला हात लावण्याआधी करायचं, कारण इथली चूक ब्राइटनेसनं नीट निस्तरता येत नाही.

आता रिमोट

मेनूतला पहिला निर्णय रंगाच्या मोडचा. ‘डायनॅमिक’ किंवा ‘ब्राइट’ मोडमध्ये उजेड सर्वांत जास्त मिळतो, पण चित्र हिरवट होतं, कारण दिव्यातला हिरवा भाग न कापता जसाच्या तसा सोडलेला असतो. चेहरे आजारी दिसू लागतात. ‘प्रेझेंटेशन’ किंवा ‘स्टँडर्ड’ वर्गासाठी बरा. ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोडमध्ये रंग सर्वांत खरे येतात, पण उजेड बराच कमी होतो, म्हणून तो अंधाऱ्या खोलीसाठी. ‘ब्लॅकबोर्ड’ हा मोड हिरव्या-काळ्या फळ्यावरच चित्र पाडायचं असेल तेव्हासाठी आहे. ‘वॉल कलर’मध्ये भिंतीचा रंग निवडता येतो. पिवळसर भिंत निवडली की यंत्र लाल-हिरवा उजेड थोडा कापून निळ्याचा वाटा वाढवतं. पांढरं पांढरं दिसतं, पण एकूण उजेड घटतो. चुन्याचा एक हात त्यापेक्षा केव्हाही चांगला.

मोड ठरला की बाजाराचा फोटो लावा आणि ब्राइटनेस हातात घ्या. हे नाव फसवं आहे. ब्राइटनेस प्रामुख्यानं चित्राच्या काळ्या टोकाला हलवतो, म्हणजे म्हशीला. आकडा खाली आणत जा. एका टप्प्यावर म्हशीचा डोळा, शिंग आणि पाठीवरचे केस सगळे एकाच काळ्या ठशात बुडतील. तिथून एकेक पाऊल वर या. शिंग मानेपासून वेगळं कळायला लागलं की थांबा. त्यापुढं नेलं तर म्हैस स्पष्ट होत नाही, राखाडी होते. ‘उजेड वाढवू’ म्हणून ब्राइटनेस शंभरावर नेणारा माणूस नेमकं हेच करत असतो.

कॉन्ट्रास्ट पांढरं टोक हलवतो, म्हणजे टोपीला. आकडा वाढवत न्या. टोपीची घडी आणि सदऱ्याच्या चुण्या एका पांढऱ्या डागात विरघळतील. तिथून खाली येत घडी परत दिसू लागली की थांबा. एक आकडा हलवला की दुसऱ्याचं टोकही थोडं सरकतं, म्हणून म्हैस-टोपी, म्हैस-टोपी अशी दोन फेऱ्यांत तपासणी करा. उन्हातल्या फोटोत टोपीची घडी मुळातच हरवलेली नाही ना, हे आधी मोबाइलवर बघून घ्या. फोटोत नसलेली गोष्ट भिंतीवर येणार नाही.

काळं आणि पांढरं बसलं की मधला भाग उरतो, तो गॅमा सांभाळतो. रापलेले चेहरे, टोपीच्या सावलीतलं कपाळ, पायाखालची माती, सगळं या मधल्या पट्ट्यात येतं. नेहमीचा आकडा २.२ च्या आसपास असतो. उजेडाच्या वर्गात तो थोडा कमी केला की सावलीतले चेहरे उजळतात. अंधाऱ्या खोलीत थोडा वाढवला की चित्राला खोली येते. काही यंत्रांत आकड्यांऐवजी नुसते क्रमांक असतात. तेव्हा टोपीखालचा चेहरा बघून ठरवा.

रंग आणि शार्पनेस

रंगांत आधी ‘कलर टेंपरेचर’. ६५०० केल्विन हे चित्रासाठी जगभर मान्य झालेलं पांढरं आहे. त्याहून मोठा आकडा निळसर, लहान आकडा पिवळसर. निळसर पांढरं डोळ्याला अधिक उजळ वाटतं, म्हणून ते आवडतं, पण त्यात चेहरे निस्तेज होतात. टोपी पांढरी आणि चेहरा माणसाचा, दोन्ही एकदम साधेल तो आकडा घ्या. मग ‘कलर’ किंवा ‘सॅच्युरेशन’ इतकंच ठेवा की गोंड्याचा लाल रंग भडकून त्याचे धागे एकजीव होणार नाहीत.

डीएलपी यंत्रांत पिवळ्याची एक वेगळी गंमत आहे. या तंत्राचा पाया अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली घातला. साध्या डीएलपी यंत्रात एकच चिप असते आणि तिच्यापुढं रंगीत काचांचं चाक फिरतं. उजेड वाढावा म्हणून या चाकात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला बिनरंगी काचही घालतात. तिनं पांढरं झगझगीत होतं, पण शुद्ध रंगांना तिचा लाभ मिळत नाही. मग झगझगीत टोपीच्या शेजारी झेंडूचा पिवळा मोहरीसारखा मळका दिसतो. मेनूत ‘ब्रिलियंट कलर’ किंवा ‘व्हाइट पीकिंग’ असा आकडा सापडला तर तो उतरवा. पांढरं थोडं शांत होईल आणि पिवळा पुन्हा पिवळा वाटेल. हळदीचा कार्यक्रम दाखवताना हे आवर्जून करा.

शार्पनेस शेवटी. हा आकडा चित्रात नवा तपशील आणत नाही, फक्त कडांना उठाव देतो. जास्त झाला की काळ्या शिरोरेषेला पांढरी किनार फुटते आणि अक्षर दुहेरी वाटतं. किनार दिसेनाशी होईपर्यंत खाली आणा.

मंडपातली मॅच

उघड्यावर हाच क्रम लागतो, फक्त आकडे बदलतात. दुपारच्या थेट उन्हाचा उजेड लाखभर लक्स असतो. तिथं ३००० लुमेनचा काही निभाव लागत नाही. दिवस मावळल्यावर २०० इंची पडद्यावर सुमारे २४० लक्स मिळतात आणि तेवढे पुरतात, पण पडद्यावर पडणारा हॅलोजन किंवा रोषणाईची माळ आधी वळवली तरच. क्रिकेटचं चित्र सोळा-नऊ प्रमाणाचं असतं. शाळेतला चार-तीनचा प्रोजेक्टर ते वरखाली काळ्या पट्ट्या सोडून दाखवतो आणि ठिपक्यांपैकी पाऊण भागच वापरतो. ‘ॲस्पेक्ट’ बदलून पट्ट्या घालवल्या तर फलंदाज लांबुडके होतात. पट्ट्या राहू द्याव्यात हे बरं.

दिवा आणि धूळ

साध्या प्रोजेक्टरमधल्या पारादिव्याचं आयुष्य काही हजार तासांचं असतं आणि त्या काळात उजेड हळूहळू निम्म्यापर्यंत उतरतो. त्यामुळे आज जमवलेले आकडे वर्षानं पुन्हा बघावे लागतात. खोली अंधारी करता आली असेल तर ‘इको’ मोड लावा. उजेड थोडा कमी होतो, पण दिवा जास्त टिकतो आणि पंख्याचा आवाजही उतरतो. पंखा सतत घोंघावत असेल तर मेनूत ‘हाय ऑल्टिट्यूड’ चालू राहिलाय का बघा. तो साधारण १५०० मीटरच्या वरच्या विरळ हवेसाठी असतो. नगर जिल्ह्यात कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्यावर खेळ लावायचा असेल तर तो हवा, घोडेगावात नको.

घोडेगावासारख्या हमरस्त्याच्या आणि बाजाराच्या गावात खरा शत्रू धूळ. ऊस वाहतुकीच्या दिवसांत तर जास्तच. जाळीचा फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा काढून ब्रशनं किंवा हलक्या हातानं झाडा. तो चोंदला की यंत्र तापून मधेच बंद पडतं. लेन्सवरची धूळ आधी रबरी फुग्यानं उडवा आणि मगच मऊ कापड लावा. काम संपल्यावर स्विच थेट बंद करू नका. रिमोटनं बंद करून पंखा थांबेपर्यंत थांबा. लाईट वारंवार जात असेल तर यूपीएसवर लावणं फायद्याचं, कारण तापलेल्या दिव्याला अचानक पंखा बंद झालेला मानवत नाही.

शेवटी सगळे आकडे मेनूतल्या ‘युजर’ जागेत साठवा. दिवसासाठी एक आणि रात्रीसाठी एक, असे दोन संच पुरतात. तेच आकडे कागदावर लिहून यंत्राच्या खोक्यात ठेवा, कारण रिमोट दहा हातांतून फिरणार आणि कुणीतरी ब्राइटनेस शंभरावर नेणारच. तेव्हा एकेक आकडा मागं नेत बसू नका. ‘रीसेट’ दाबा, पडदे ओढा, यंत्र समतल आहे का बघा, आणि मग कागदावरचे आकडे भरा. पडदे न ओढता भरलेले आकडे तुम्हाला पुन्हा बदलावे लागतील.